ओल्या रानात तहानलेला ऊस

पलूस तालुक्यातली किर्लोस्करवाडी वसली 1910 साली. आधी नांगर, पुढं तिथं पंप बनू लागले. पंपांनी नदीचं पाणी वर चढवलं, कृष्णाकाठच्या काळ्या रानात ऊस आला. निचरा मात्र फारसा कुणी पाहिला नाही. जमिनीतलं पाणी वर आलं, उन्हानं उडालं, मीठ मागं राहिलं. रान क्षारपड!

मुळाच्या पेशीतला रस बाहेरच्या पाण्यापेक्षा दाट, तोवर पाणी आत शिरतं. हेच परासरण. मातीत क्षार वाढले की ही ओढ मंदावते. फारच वाढले तर पेशीतलंच पाणी बाहेर पडतं. ऊस सुकलेला दिसतो, आणि आपण आणखी पाणी सोडतो.

बारामतीकडं नीरा कालव्याखाली हे आधीच घडलं होतं. पुण्यात 1916 साली खास सिंचन विभाग निघाला, तो याच काळजीतून. उपाय तेव्हाही निचऱ्याचाच होता. आज रानात सच्छिद्र पाईप गाडतात. पण खालच्या शेतकऱ्यानं वाट दिली तरच पाणी ओढ्याला लागतं.