किल्लारी प्लेटच्या कडेवर नाही, मग भूकंप झालाच कसा? सातवी-आठवीच्या मुलांना भूपट्ट समजावताना

बीड : पृथ्वीचं वरचं कवच अखंड नाही, ते मोठमोठ्या तुकड्यांचं आहे. या तुकड्यांना पुस्तकात भूपट्ट आणि बोलण्यात प्लेट म्हणतात. प्लेटा सरकतात, एकमेकींना घासतात, धडकतात आणि कडेला भूकंप होतात. एवढं मुलं पाठ करतात. पण मराठवाड्यातल्या वर्गात पुढचा प्रश्न हमखास येतो : आपल्या प्लेटची कडा हिमालयाकडं, इथून हजार-बाराशे किलोमीटर लांब. मग किल्लारीला काय झालं?

प्रश्न रास्त आहे, आणि त्याला बगल दिली तर मुलं धड्यावरचा विश्वास गमावतात. 30 सप्टेंबर 1993 रोजी, अनंत चतुर्दशीच्या विसर्जनानंतरच्या पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी लातूर-उस्मानाबादच्या सीमेवर 6.2 तीव्रतेचा भूकंप झाला. आठ ते दहा हजार माणसं गेली. अंबाजोगाईहून किल्लारी शंभरेक किलोमीटर. त्या रात्रीची आठवण सांगणारं माणूस बीड जिल्ह्यात आजही घरोघरी सापडतं. धड्याची सुरुवात खरं तर तिथूनच करावी.

आधी प्लेट सरकते म्हणजे काय?

भारताची प्लेट वर्षाला साधारण 5 सेंटीमीटर ईशान्येकडे सरकते, म्हणजे बोटाची नखं वाढतात त्याच्या आसपासच्या वेगानं. किल्लारीनंतरच्या तीस वर्षांत ती दीड मीटरच्या घरात पुढं गेली. मुलांना हे फुटपट्टीनं फळ्यावर मोजू द्यावं. सुमारे 5 कोटी वर्षांपूर्वी ही प्लेट आशियाला भिडली आणि हिमालय उभा राहायला लागला. दोन गोधड्या जमिनीवर अंथरून एक दुसरीकडे ढकलली की वळ्या उठतात. हिमालय समजायला तेवढं पुरतं.

प्लेटा कशावर सरकतात, इथं मात्र घोटाळा होतो. खाली सगळा पातळ लाव्हा आहे आणि प्लेटा त्यावर तरंगतात, असं बहुतेक मुलांना (आणि काही मोठ्यांनाही) वाटतं. ते चूक आहे. खालचा खडक तापलेला असला तरी बहुतांश घनच असतो, पण लाखो वर्षांत हळूहळू वाहतो. गुळाची ढेप आठवावी. हातोडी मारली तर फुटते, पण उन्हाळ्यात पत्र्याखाली ठेवली की बसते, पसरते. घन आहे, तरी वाहते.

पुरावा आपल्या विहिरीत

बीडचं पोर रोज लाव्हावरच चालतं. बालाघाटाचे डोंगर, धारूरचा किल्ला ज्यावर उभा आहे तो काळा पाषाण, विहीर खोदताना लागणारा मुरूम आणि त्याखालचे कठीण थर, हे सगळं साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या आसपास एकावर एक वाहत आलेल्या लाव्हाचं आहे. जुन्या विहिरीचा कठडा धरून (शिक्षक सोबत असतानाच) थर मोजले तर एकेक थर म्हणजे एकेक लोट, हे दिसतं. मधला लालसर पट्टा म्हणजे दोन लोटांच्या मधल्या काळात खडक झिजून झालेली माती.

हा लाव्हा ज्या तापलेल्या जागेतून वर आला, ती जागा आज कुठं आहे? बहुतेक शास्त्रज्ञांच्या मते हिंदी महासागरात, मॉरिशसजवळच्या रियुनियन बेटाखाली, बीडपासून सुमारे 5,000 किलोमीटरवर. चूल तिथंच राहिली, तवा पुढं सरकला. मॉरिशस बेटही त्याच चुलीवर तयार झालं. मराठी माणसं तिथं पिढ्यान्‌पिढ्या राहतात ही आणखी गंमत.

आता किल्लारी

वाळलेलं ज्वारीचं धाट घ्या. मध्ये कुठंतरी ब्लेडनं लहानशी खाच पाडा. दोन्ही टोकं हातांनी हळूहळू आत दाबा. धाट हाताजवळ मोडत नाही, खाचेपाशी मोडतं. प्लेटचंही तसंच. हिमालयाकडच्या धडकेचा दाब फक्त कडेला राहत नाही, तो सगळ्या प्लेटमध्ये पसरतो. आत जिथं जुनी भेग, कमजोर जागा असेल, तिथं हजारो वर्षं ताण साठतो आणि एक दिवस खडक घसरतो.

वरून भेग का दिसली नाही? भूकंपानंतर किल्लारीत शास्त्रज्ञांनी खोल बोअर घेतला, तेव्हा सुमारे 1,100 फुटांवर काळा पाषाण संपला आणि खाली कितीतरी जुना खडक लागला. त्या जुन्या खडकातल्या भेगा लाव्हाच्या जाड पांघरुणाखाली झाकलेल्या आहेत. म्हणूनच हा भाग तोवर देशातल्या सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात धरला जायचा.

गावाखालून गूढ आवाज आला की मोबाइलवर 'अमुक तारखेला मोठा भूकंप' असे मेसेज फिरतात. कोणत्याही भूकंपाची तारीख आणि वेळ आधी सांगता येत नाही, जगात कुठंही नाही. उथळ, छोट्या धक्क्याच्या लहरी कठीण खडकातून वर येऊन आवाज होऊ शकतो. खाणीतल्या स्फोटाचाही होतो. खरा धक्का होता की नाही, ते राष्ट्रीय भूकंप विज्ञान केंद्राच्या संकेतस्थळावरील नोंदीत पाहावं.

किल्लारीत इतकी माणसं का गेली, हा धड्यातला शेवटचा भाग, आणि तो सोडू नये. मातीत रचलेल्या दगडांच्या जाडजूड भिंती, वर लाकडी माळवदावर फूट-दोन फूट माती. हादऱ्यात भिंतींची आतली आणि बाहेरची बाजू सुटली आणि माळवद झोपलेल्यांवर आलं. अशी घरं आपल्या तालुक्यांतही आहेत. मुलांना घरचा अभ्यास असा देता येईल : घराच्या भिंतीची जाडी मोजा, दगड मातीत आहेत की सिमेंटमध्ये ते बघा, दारांवरून चारी भिंतींना बांधणारा सिमेंट-लोखंडाचा पट्टा आहे का ते आजोबांना विचारा, आणि माळवदावर दरवर्षी किती पाट्या माती पडते ते वहीत लिहून आणा.