टीसीएलची कुळकथा

गावाच्या पाण्याच्या टाकीत जलसुरक्षक जी टीसीएल पावडर टाकतो, ती मुळात पाण्यासाठी बनलेलीच नव्हती. तिचा जन्म कापडासाठी झाला. लिननचं कापड पांढरं करायला ते महिनोन्‌महिने गवतावर उन्हात अंथरावं लागे. क्लोरीनने हे काम झटपट होतं हे कळलं, पण वायू साठवायचा कसा? १७९९ साली ग्लासगोच्या चार्ल्स टेनंटने कोरड्या विरलेल्या चुन्यात क्लोरीन मुरवून ब्लीचिंग पावडरचं पेटंट घेतलं.

पुढची शंभर वर्षं ती मुख्यतः गिरण्यांचीच राहिली. १८९७ मध्ये इंग्लंडमधल्या मेडस्टोन गावात नळाच्या पाण्यातून विषमज्वर पसरला. अठराशेहून जास्त लोक आजारी पडले, १३२ दगावले. तेव्हा सिम्स वुडहेड यांनी ब्लीचिंग पावडरच्या द्रावणाने जलवाहिन्या निर्जंतुक केल्या. तो साथीपुरता इलाज होता.

रोजच्या पाण्यात थोडा क्लोरीन कायम घालायचा, ही खरी धाडसाची गोष्ट. अमेरिकेत ती केली डॉ. जॉन लील यांनी. यादवी युद्धात जडलेल्या आमांशाने त्यांचे वडील वर्षानुवर्षं झिजून गेले होते. जर्सी सिटीने पाणी शुद्ध नाही म्हणून पुरवठादार कंपनीला कोर्टात खेचलं होतं. कंपनीच्या वतीने लील यांनी २६ सप्टेंबर १९०८ रोजी शहराला पाणी देणाऱ्या बूनटन जलाशयाच्या पाण्यात क्लोरीन सोडायला सुरुवात केली, तीही लोकांना न विचारता. हे मला खटकतं. पण कोर्टात त्यांना विचारलं गेलं, हे पाणी बायकामुलांना द्याल का? त्यांनी बेधडक होकार दिला. अखेर कोर्टानेही ही पद्धत मान्य केली. पुढच्या काही वर्षांत अमेरिकेतल्या शहरांनी ती भराभर उचलली, आणि गाळणीच्या जोडीने तिने विषमज्वराला मागे रेटलं.

टीसीएल हे त्याच ब्लीचिंग पावडरचं उष्ण प्रदेशासाठीचं रूप. आपल्याकडच्या उन्हात क्लोरीन लवकर उडून जातो, म्हणून जादा चुना घालून ती टिकाऊ केली. तरी पोतं उघडं राहिलं, ओल लागली, की हळूहळू नुसता चुनाच उरू शकतो, आणि तो ओतून पाणी निर्जंतुक होत नाही. ताज्या पावडरीत सुमारे ३३ टक्के क्लोरीन असतो. अशी अडीच ग्रॅम पावडर हजार लिटर स्वच्छ पाण्याला साधारण पुरते. गढूळ पाण्यात मात्र क्लोरीन गाळावरच खर्च होतो. पावडर आधी बादलीत कालवायची, चुना खाली बसू द्यायचा, वरची निवळी टाकीत सोडायची आणि तासभर थांबायचं.

क्लोरीनची तपासणी टाकीपाशी करून भागत नाही. वाटेत फुटक्या जोडातून गटाराचं पाणी आत शिरलं तर नळापर्यंत उरलेला क्लोरीनच त्याला तोंड देतो. म्हणून पाण्यात क्लोरीन उरलाय का हे रंगावरून दाखवणारी ओटी टेस्ट गावातल्या शेवटच्या नळावर घ्यावी. तिथे पाणी पिवळसर झालं नाही, तर ग्रामपंचायतीला त्याच दिवशी कळवावं आणि तोवर पाणी उकळून प्यावं.