मिरचीची शिंक आणि मरळीची पिल्लं

दोंडाईच्यात मिरचीच्या पथारीजवळून जाताना नाकाला रुमाल लावायचा असतो, हे तुम्हाला कोणी सांगितलेलं दिसत नाही. समोर जमीन नाहीच, नुसता लाल रंग. डोक्याला फडकी गुंडाळलेल्या बाया मिरच्या खालीवर करताहेत. वाऱ्याची झुळूक आली की खकाणा उठतो आणि सरळ तुमच्या नाकात शिरतो. घसा खवखवतो, डोळ्यांना धार लागते. एक शिंक. दुसरी. तिसरीला डोळे गच्च मिटतात.

आता उघडा.

पथारी गेली, हिवाळाही गेला. आषाढातली उघडीप आहे. ऊन पाठीला चटके देतंय आणि मागे स्टेशनात सुरतेकडे निघालेली गाडी कोळशाचा धूर सोडत उभी आहे. पायांत चप्पल नाही. हात बघा, केवढेसे झालेत! तुम्ही दहा वर्षांचे आहात, आजोबांच्या बालपणात आला आहात. खाली गुजरातेत उकाईची भिंत अजून उभी राहिलेली नाही, सारंगखेड्याला तापी अडवायलाही कोणी आलेलं नाही.

बैलगाडी नदीकडे निघाली आहे, चढा मागून. काळी माती चाकाला अशी धरते की गाडीवानाला दर थोड्या वेळाने उतरून काठीने ती खरवडावी लागते. बैलांच्या अंगाची ऊब, ओल्या मातीचा वास, दोन्ही बाजूंना गुडघ्याएवढी कपाशी. मग एका वळणावर आवाज आधी येतो आणि नदी मागून दिसते. तापी गढूळ आहे, रुंद आहे, आणि आपल्याच तंद्रीत चालली आहे.

काठावर भोई मंडळींनी मोठं जाळं ओढायला घेतलंय. बघत काय उभे राहिलात? दोर धरा. काथ्याचा दोर ओला आहे, तळहात सोलून काढतो. पाय चिखलात रुततात. पुढे किती माणसं आहेत ते तुम्हाला दिसत नाही, दिसते ती फक्त पुढच्या माणसाची भेगाळलेली टाच. ती मागे सरकली की तुम्ही सरकायचं, ती थांबली की थांबायचं. कोणी हुकूम सोडत नाही. तरी जाळं एका लयीत काठाला येतं आणि त्यात चांदी उसळते.

ही टाच लक्षात ठेवा. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत विश्वेश गुत्तल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टाकीत पोहणाऱ्या माशांच्या घोळक्यांचं चित्रण करून एकेका माशाची वाट तपासली. गोव्यात ज्याला कालुंदर म्हणतात तो हा मासा. त्याच्या शास्त्रीय नावात, सुराटेन्सिसमध्ये, आपल्या तापीच्या मुखाचं सुरत आहे. २०२० साली त्यांनी मांडलं की घोळका एका दिशेला वळावा म्हणून कोणी पुढारी लागत नाही, आणि सगळ्यांनी सगळ्यांकडे पाहावंही लागत नाही. मासा एका वेळी एखाद्याच दुसऱ्या माशाची दिशा उचलतो. घोळका लहान असेल, तर अशा उचलाउचलीत योगायोगानेच सगळ्यांची तोंडं एकीकडे होतात. मला हा शोध फार आवडतो. दोर ओढलेल्या माणसाला तो तळहातांतून कळतो.

जाळ्यात हात घाला, पण जपून. ती लांबोडकी, सापासारखी वळवळते ती वाम. मिशा असलेला, काटा उगारणारा शिंगटा. आणि घोगरा उचलून कानाशी धरा, आतून घुरघुर ऐकू येईल. ही नावं अशी काठाकाठाने तोंडी चालत आलेली. कर्नल साइक्स नावाचा इंग्रज अधिकारी भीमा आणि मुळा-मुठेच्या काठी मासे गोळा करत हिंडला आणि लोक ज्याला जे म्हणत तेच त्याने कित्येकांच्या शास्त्रीय नावात घातलं. १८३९ सालापासून खुदरी, मळ्या, गुंगवारी ही आपल्याकडची नावं जगभरच्या प्राणिशास्त्रात आहेत.

पोरं मात्र जाळ्यापाशी नाहीत. ती पलीकडच्या नाल्याकडे पळाली, तुम्हीही पळा. पुराचं पाणी शेताच्या बांधापर्यंत चढून तिथेच साचलंय. वर ऊन लागून पाणी कोमट झालंय. गवताची पाती पायांना कापतात, कुजक्या पाल्याचा वास डोक्यात जातो, बेडकांचा गलका चाललाय. उथळ पाण्यात बोटभर मासळीचा घोळका तुमच्या घोट्यांना लुचतो, गुदगुल्या होतात. एक पोरगा दगड हाणतो. एक मासळी चिरडते, बाकीच्या पांगतात. पांगणारच, धप्प आवाज झाला. पण थांबा जरा. आवाज विरला, पाणी शांत झालं, आणि दुसरीकडून आलेला नवा घोळका त्या जागेपाशी येताच दचकून मागे फिरला. त्याने तर दगड पाहिलाही नव्हता.

मधमाश्यांच्या नाचाचा अर्थ लावणाऱ्या कार्ल फॉन फ्रिश यांनी १९३८ साली हेच कोडं उलगडलं होतं. या जातकुळीतल्या माशाचं कातडं फाटलं की त्यातून एक द्रव्य पाण्यात मिसळतं आणि त्याचा वास लागताच भाईबंद सावध होतात. मरणारीला त्याचा उपयोग नाही, पण तिच्यामुळे बाकीच्या वाचतात. दगड मारलेल्या पोराला हे सांगायला गेलात तर तो तुमच्याकडे बघतच राहील. तेवढ्यात एक म्हातारबा मागून येऊन त्याच्या हातातला दुसरा दगड काढून घेतो. बोट ओठांवर.

“उगा ऱ्हाय, पोऱ्या. दख, मायबाप दोन्ही खाले शेतस.”

बघा. लव्हाळ्याच्या मधोमध थाळीएवढी जागा मोकळी आहे, गवत बाजूला सारल्यासारखी. तिथलं पाणी शिजत असल्यासारखं दिसतंय. अधणात तांदूळ फिरावेत तसे बारीक बुडबुडे, आणि त्यांच्याखाली नारिंगी-लाल गोळा. काडीएवढी शेकडो पिल्लं आहेत ती. गोळा वर येतो, एक श्वास घेतो, खाली जातो, पुन्हा वर. मरळीला नुसतं पाणी पुरत नाही, तिला वरची हवा लागते. ती मिळाली नाही तर मासा असून ती बुडून मरते. वर यायचं म्हणजे बगळ्याच्या नजरेत यायचं. म्हणून पिल्लं वर आली की खालच्या काळोखात दोन जाड सावल्या सरकतात. एक आई, एक बाप. अंडी तरंगत होती तेव्हापासून दोघं असा पहारा देताहेत.

अजून जवळ जायचंय? जा एक पाऊल.

आई गं! नडगीवर धडक बसली ना? हातभर लांबीचा मासा, तुमच्यासारख्या ताडमाड प्राण्यावर चालून आला. पाणी उसळून तोंडावर आलं, शेवाळाची चव जिभेवर. तुम्ही मागे पडलात, चड्डी चिखलात. पोरं खिदळताहेत. पिल्लांचा गोळा खाली गडप झाला आणि चार हातांवर पुन्हा वर आला, तसाच अखंड.

पोरांपैकी एकाकडे गळ आहे. ही विद्या इथे सगळ्यांना ठाऊक आहे. गळाला बेडूक लावून पिल्लांत सोडला की मरळ हमखास लागते. भुकेने नाही, बेडूक पिल्लांवर आला म्हणून ती धावते. मग आई टोपलीत, संध्याकाळी बापही टोपलीत, आणि तो लाल गोळा सकाळपर्यंत दुसऱ्यांच्या पोटात. म्हातारबा गळाकडे बघतो. “हाई काम आपलं नही,” एवढंच म्हणतो आणि दोरीचा गुंडाळा स्वतःच्या कमरेला खोचतो.

संध्याकाळी म्हातारबाच्याच दारात तुमचं ताट मांडलंय. आभाळ पुन्हा भरून आलं, चुलीचा धूर कौलांखाली कोंडला. कळण्याची भाकरी तव्यावरून थेट ताटात, बोटं भाजतात. म्हातारबा बाहेर बसून जाळ्याची फाटकी घरं शिवतोय, मान नाल्याकडे. थेंब पडायला लागले की तो कंदील घेऊन उठतो आणि पाणी किती चढलं ते बघून येतो. आत काही बोलत नाही, नुसती मान हलवतो: आहेत.

चुलीवर शिंगट्याचं कालवण रटरटतंय. आजी तेलात लाल मिरची सोडते. चर्र आवाज, आणि खकाणा घरभर. पोरं ठसकतात, तुमच्या नाकात पुन्हा तीच गुदगुली सुरू होते, डोळे मिटायला लागतात.

नाक दाबा. घट्ट दाबून धरा. कालवण अजून वाढायचंय.