गिळलेल्या कफाचा माग

‘टीबी’ म्हणायला जीभ धजत नसे, तिथे महाराष्ट्रातल्या घरांत ‘बाळाला प्रायमरी आहे’ म्हणून भागवलं जाई. ‘प्रायमरी कॉम्प्लेक्स’चा हा अर्धा तुकडा. त्यामागची खूण मात्र युरोपातल्या शवविच्छेदनाच्या टेबलावर नीट उमगली. १८४ मृत मुलांची फुफ्फुसं तपासून अँटोन घोन यांनी १९१२ साली तिचं वर्णन केलं: फुफ्फुसात लहानसा डाग आणि जवळच सुजलेल्या गाठी.

जिवंत मुलात हा रोग ओळखायचा कसा? मोठा माणूस खाकरून थुंकतो. रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्ये जंतू दाखवल्यावर ती थुंकी काचेवर पसरून तपासता येऊ लागली. मूल थुंकत नाही, कफ गिळतं; आणि त्या कफात जंतूही मोजकेच असतात.

मग पोटातच शोधू, असं १८९८ मध्ये आंरी मेनिए या फ्रेंच डॉक्टरने सुचवलं. सकाळी उपाशीपोटी नळी घालून जठरातला द्रव काढायचा. मुलाचे हातपाय धरून ठेवणाऱ्या आईची कल्पनाच न केलेली बरी. ही पद्धत आजही चालते.

व्हिएन्नाचे क्लेमेन्स फॉन पिर्के मात्र कातडीकडे वळले. कॉख यांचं ट्युबरक्युलिन १८९० मध्ये क्षयावरचं औषध म्हणून गाजलं आणि सपशेल फसलं होतं. तेच पिर्के यांनी १९०७ मध्ये मुलांच्या हाताला ओरखडा काढून लावलं. संसर्ग झालेल्या मुलाच्या हातावर फुगीर चट्टा उठे. पण तो ठणठणीत मुलांच्या हातावरही उठू लागला! संसर्ग म्हणजे आजार नव्हे, हे त्यातून कळत गेलं. पुढच्याच वर्षी शार्ल मांतू यांनी तो द्रव सुईने कातडीत टोचला. आपली ‘मॉन्टू टेस्ट’ ती हीच. दोन-तीन दिवसांनी लाली नव्हे, कडक फुगवटा मोजायचा.

पण फार कुपोषित मुलाचा हात पुष्कळदा गप्पच राहतो, म्हणजे गरज सर्वात जास्त तिथेच चाचणी मुकी. त्यात भारतात १९४८ मध्ये बीसीजी ही क्षयाची लस आली. लसीनेही फुगवटा येऊ शकतो. मग डॉक्टरांच्या हाती उरलं वजन, ताप, एक्स-रे आणि ‘घरात कुणाला खोकला आहे का?’ हा प्रश्न. साध्या खोकल्याच्या कितीतरी मुलांनी ‘प्रायमरी’च्या गोळ्या महिनोन्‌महिने गिळल्या, त्या या गोंधळातच.

२०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक सूचनांत जंतूंची जनुकं ओळखणाऱ्या यंत्रासाठी मुलांच्या शौचाचा नमुनाही आला. गिळलेला कफ शेवटी तिथेच पोचतो. मेनिए यांचीच वाट, १२२ वर्षांनी थोडी पुढे गेलेली. नळी नको, आईने डबीत आणलेली शी पुरते.