औषध की वीख?



परवा भातावर फवारणी चालली होती. पंपवाला पोरगा लांबून ओरडला, "काका, औषध संपलं!" बांधावर एक शहरातले पाहुणे बसले होते. ते घाबरून म्हणाले, "कोण आजारी आहे?" आम्ही हसलो. पण नंतर डोक्यात तेच घोळत राहिलं. ज्या डब्यावर कवटी छापलेली असते, त्याला आपण औषध कधीपासून म्हणायला लागलो?

मी मूळचा माजिवड्याचा. तिथे आता भाताचं खाचर शोधूनही सापडायचं नाही, म्हणून शेती टिटवाळ्याकडे करतो. माझ्या आजीच्या तोंडी औषध म्हणजे सुंठ, काढा, चाटण. जीव घेणारी वस्तू म्हणजे वीख. संस्कृतातलं विष, बोलीत ष चा ख झाला. विखार, विखारी हे त्याचेच भाऊबंद. जहर फारशीतून आलं. सोमल, बचनाग ही नावं तर आजी हळू आवाजात घ्यायची. डोहात गेळाची फळं ठेचून टाकून मासे गुंगवायचे, तेव्हाही पोरांना दम असायचा, हात धुतल्याशिवाय तोंडाला लावायचा नाही. शब्दातच धाक होता.

आता गंमत बघा. औषध हा शब्द 'ओषधी'वरून आलाय. जुन्या कोशात ओषधीचा अर्थ दिलाय, फळ पिकलं की जी वाळून मरते ती वनस्पती. म्हणजे आपलं भातच की! ज्या पिकावरून शब्द आला, त्याच पिकावर मारायच्या विषाला आपण तो देऊन टाकला.

हे कसं झालं असावं, त्याचा माझा अंदाज सांगतो. पिकावर कीड आली की आपण "रोग पडला" म्हणतो. तुडतुडे असोत नाहीतर खोडकिडा, सगळा रोगच. रोग म्हटला की औषध आलंच. त्यात १९५३ साली सरकारने मलेरियाविरुद्ध मोहीम काढली. घरोघर भिंतींवर डीडीटी मारायला माणसं यायची, ती सरकारची, आरोग्य खात्याची. मग ते औषध नाही तर काय? पुढे शेतात बीएचसी पावडर आली. माझे वडील फडक्याच्या पुरचुंडीत बांधून ती भातावर झटकायचे. तोंडाला काही बांधायचे नाहीत. तीच बीएचसी १९९७ साली देशात बंद झाली. आमच्या शेजारी कोलशेत रोडला बायरचा मोठा कारखाना होता, शेतीची औषधं तिथे बनायची. आज तिथे टॉवर आहेत.

कायद्याने मात्र हा शब्द घेतला नाही. १९५८ साली केरळात भयंकर प्रकार घडला. जहाजात गव्हाच्या पिठाच्या पोत्यांबरोबर पॅराथिऑन हे कीटकनाशक होतं. ते गळून पिठात मुरलं आणि ते पीठ खाऊन शंभरावर माणसं दगावली. त्यानंतर १९६८ चा कीटकनाशक कायदा आला. डब्यावरचा तिरपा चौकोन त्यातूनच आला. खालच्या अर्ध्या भागातला लाल रंग म्हणजे सगळ्यात जहाल, त्यानंतर पिवळा, मग निळा, शेवटी हिरवा. लाल आणि पिवळ्यावर विष असा शब्द छापावाच लागतो, लालवर कवटीही. हिरव्यालाही निर्धास्त होऊ नका, सावधान तिथेही लिहिलेलं असतं.

डब्यावर विष, आपल्या तोंडात औषध. याचा फटका कुठे बसतो ते २०१७ साली यवतमाळने दाखवलं. कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन त्या जिल्ह्यात वीसपेक्षा जास्त माणसं गेली, शेकडो दवाखान्यात पडली. डॉक्टर पहिलं विचारतात, काय मारत होता? कारण प्रोफेनोफॉस, मोनोक्रोटोफॉस यांसारख्यांवर अ‍ॅट्रोपिनचं इंजेक्शन चालतं, प्रत्येकावर ते चालत नाही. मजुरीवर आलेला माणूस काय सांगणार? "औषध मारत होतो." म्हणून फवारताना कोणाला गरगरलं, लाळ सुटली, बाहुल्या बारीक झाल्या तर त्याला ताबडतोब शेतातून बाहेर काढा, कपडे उतरवून अंग साबणाने धुवा आणि दवाखान्यात जाताना डबा, निदान लेबल तरी सोबत न्या.

आमच्या घरातलंही सांगतो, लपवण्यात अर्थ नाही. चुलत्याने उरलेलं थोडं औषध खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटलीत ओतून फळीवर ठेवलं होतं. चुलतीला रात्री खोकला आला. अंधारात बाटली घेतली, झाकण उघडलं आणि वासानेच ती थांबली. दुसऱ्या दिवशी चुलत्याला विचारलं तर म्हणतो, "औषधाच्याच बाटलीत औषध ठेवलं ना!" त्याचं काय चुकलं ते त्याला खरंच कळत नव्हतं.

तेव्हापासून आमच्या पत्र्याच्या पेटीवर मी लाल रंगाने वीख लिहिलंय. पेटीला कुलूप आहे, किल्ली माझ्याकडे. पंपवाल्या पोरालाही सांगितलंय, संपलं तर "वीख संपली" असं ओरड. पाहुणे घाबरले तर घाबरू देत.

तुमच्याकडे काय म्हणतात? वीख, इख, जहर, का औषधच?