इंजिनिअर नेमकं कोणाला म्हणायचं?

परतूर तालुक्यातल्या वाटूरसारख्या गावात 'इंजिनिअर साहेब' अनेकांना म्हटलं जातं. रस्त्याच्या कामावरचा सुपरवायझर, महावितरणचा कनिष्ठ अभियंता, घराचा नकाशा काढून देणारा, पुण्यात कोडिंग करणारा शेजाऱ्यांचा मुलगा. यातला व्यावसायिक अभियंता कोण? साधी खूण अशी: जो भार, माती, पाणी, वीज यांचा हिशोब मांडतो आणि त्याखाली जबाबदारीने सही करतो, तो.

मिस्त्री आहे, मग इंजिनिअर कशाला?

मराठवाड्यात बऱ्याच ठिकाणी काळी जमीन आहे. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि उथळ पायावरच्या भिंती तडकतात. जुना मिस्त्री 'मुरूम लागेपर्यंत खोदा' म्हणतो, ते बहुतेकदा बरोबरही असतं. पण मुरूम फार खोल असेल तर? वर आणखी एक मजला चढवायचा असेल तर? तेव्हा माती तपासून ती किती वजन पेलेल, सळई किती जाडीची लागेल, हे आकड्यांत काढावं लागतं.

हे न झाल्याची किंमत मराठवाड्याने मोजली आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला, सुमारे 10 हजार माणसं गेली. दगड-मातीच्या जाड भिंती आणि त्यांवरची जड माळवदं झोपलेल्या लोकांवर कोसळली. भिंतीचे आतले आणि बाहेरचे थर एकमेकांत नीट बांधलेले नव्हते. आरपार जाणारे दगड आणि घराभोवती फिरणारी आडवी पट्टी हे त्यावरचे उपाय. दोन्ही फार महागडे नाहीत, पण ते कुणीतरी सांगायला हवेत.

कायदा काय म्हणतो?

वकिलांसाठी 1961 चा अधिवक्ता कायदा आहे, आर्किटेक्टसाठी 1972 चा वास्तुविशारद कायदा. नोंदणी नसताना कुणी स्वतःला आर्किटेक्ट म्हणवू शकत नाही. अभियंत्यांसाठी असा देशभर लागू होणारा कायदा नाही, म्हणूनच हा शब्द इतका स्वस्त झालाय. 1920 मध्ये स्थापन झालेली 'इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्स' ही संस्था अनुभवी सदस्यांना 'चार्टर्ड इंजिनिअर' म्हणून मान्यता देते, पण ते ऐच्छिक आहे. शहरात बांधकाम परवानगीसाठी ठरावीक पात्रतेचा स्ट्रक्चरल इंजिनिअर लागतो. गावातलं घर मात्र अनेकदा अंदाजावरच उभं राहतं.

शिकायचं कुठून?

दहावीनंतर पॉलिटेक्निकचा 3 वर्षांचा डिप्लोमा करता येतो. तो झाला की पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. बारावी सायन्सनंतर एमएचटी-सीईटी किंवा जेईई देऊन 4 वर्षांची पदवी. आयटीआय वेगळं: तिथे कारागिरी शिकवतात, आणि ते कमी दर्जाचं मुळीच नाही.

वाटूरच्या मुलामुलींना जवळचे पर्याय म्हणजे जालन्याचं शासकीय तंत्रनिकेतन, छत्रपती संभाजीनगरचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आणि नांदेडचं श्री गुरु गोबिंद सिंहजी महाविद्यालय. खासगी कॉलेज निवडताना एआयसीटीईची मान्यता बघाच. शिवाय एनबीएचं मानांकन आहे का तेही विचारा. ते पूर्ण कॉलेजला मिळत नाही, एकेका शाखेला मिळतं. त्यामुळे जाहिरातीत 'एनबीए' लिहिलेलं दिसलं, तरी आपल्या शाखेला ते आहे का आणि त्याची मुदत कधी संपते, हे प्रवेशाआधी तपासून घ्या.