लग्नातली तिसरी यादी



तुळशीचं लग्न लागलं की आपल्या वणी भागात सोयरिकीची बोलणी सुरू होतात. शेतातला कापूस घरात यायला लागतो, आणि त्याच सुमाराला याद्या निघतात. आज त्या याद्यांबद्दलच बोलू.

लग्नघरात दोन याद्या हमखास असतात. पहिली साक्षगंधाच्या आधी बैठकीत ठरते. मुलीकडच्यांनी आंदण काय द्यायचं, मुलाकडच्यांनी काय करायचं, मानपान कुणाकुणाचे. दुसरी मांडवात होते. घरातला एक विश्वासाचा माणूस वही घेऊन बसतो आणि लिहितो : अमक्याचे १०१ रुपये, तमक्याचा गुंड, मामाची साडी. ज्याचा आहेर आला, त्याच्या घरच्या लग्नात तेवढा परत करायचा असतो. त्यासाठी ही वही वर्षानुवर्षं पेटीत जपली जाते.

या दोन्ही याद्यांत नवरीचं काय ते सांगता येत नाही. पहिलीत मागणी असते, दुसरीत घराचा व्यवहार. तिला काय मिळालं आणि त्यातलं तिचं स्वतःचं काय, हे सांगणारी तिसरी यादी कायद्यात आहे, पण आपल्या घरांत क्वचितच सापडते. तिचा इतिहास मोठा आहे.

बाईच्या मालकीच्या वस्तूंना आपल्याकडे स्त्रीधन म्हणतात. हा शब्द फार जुना आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात स्त्रीधनाचे दोन प्रकार सांगितले आहेत. एक वृत्ती, म्हणजे जगण्याचं साधन. दुसरं आबंध्य, म्हणजे अंगावर बांधायचे दागिने. म्हणजे पोट भरेल असं काहीतरी बाईच्या नावावर असावं, हा विचार त्या काळातही होता. मनुस्मृतीत सहा प्रकार मोजले आहेत : अग्नीसमोर दिलेलं, सासरी निघताना दिलेलं, प्रेमाने दिलेलं आणि भावाने, आईने, वडिलांनी दिलेलं. पण त्याच ग्रंथात बायको जे कमावते ते तिच्या धन्याचं, असंही लिहून ठेवलं आहे. एका हाताने द्यायचं आणि दुसऱ्या हाताने काढून घ्यायचं, असा तो हिशेब.

नऊशे वर्षांपूर्वी चालुक्यांच्या कल्याणी राजधानीत विज्ञानेश्वराने ‘मिताक्षरा’ हा ग्रंथ लिहिला. त्याने स्त्रीधनाचा अर्थ वाढवला. बाईला वारशाने मिळालेलं, तिने विकत घेतलेलं, तेही तिचंच, असं त्याने मांडलं. पण ग्रंथ पंडितांच्या घरी राहिला. घरातल्या पेटीची किल्ली सासूकडे किंवा नवऱ्याकडेच राहिली.

बायांनी मात्र आपली नोंद वेगळ्या जागी ठेवली होती. घरात आजीच्या काळातलं पितळेचं भांडं असेल तर त्याचा काठ पाहा. ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं नाव दिसेल : अमकीला तमक्याकडून सप्रेम भेट, खाली तारीख. भांडेवाल्याकडे बसून हे नाव टाकून घेत. वाचता न येणाऱ्या बाईचीही ती पावतीच होती. वस्तू कोणाची, कोणी दिली, कधी दिली, हे तीनही त्यात आलं. पुढे पितळ गेलं, स्टील आलं, मग कपाट, कूलर, सोफा आले. आंदण वाढलं आणि नाव कोरणं कमी झालं.

१९२४ साली अमेरिकेतल्या शिकागो शहरात मार्शल फील्ड्स या मोठ्या दुकानाने एक पद्धत सुरू केली. नवरीने दुकानात यायचं, संसाराला काय हवं ते सांगायचं, दुकानाने लिहून घ्यायचं. पाहुणे त्याच यादीतली वस्तू घेत, म्हणून एकच वस्तू चार वेळा येत नसे. त्या यादीत निवड नवरीची. आपल्याकडच्या बैठकीत निवड बहुतेक वेळा दुसऱ्यांची, आणि नवरी आतल्या खोलीत.

या मागणीच्या यादीला आपल्या महाराष्ट्रात जुना विरोध आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली सत्यशोधक समाज काढला. त्याच वर्षी २५ डिसेंबरला पुण्यात पहिलं सत्यशोधक लग्न लागलं. हुंडा नाही, भटजी नाही, डामडौल नाही. नवरी राधा ही सावित्रीबाईंच्या मैत्रिणीची मुलगी होती, आणि लग्नाचा थोडका खर्च सावित्रीबाईंनी स्वतः केला. आपल्या विदर्भात राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनीही ग्रामगीतेत लग्नातल्या उधळपट्टीवर आणि हुंड्यावर कडक शब्दांत लिहिलं. कर्ज काढून केलेलं लग्न पुढे दोन्ही घरांना जड जातं, हे कापूस पिकवणाऱ्या आपल्या भागाला वेगळं सांगायला नको.

मग कायदा आला. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने सांगितलं की बाईला मिळालेली मालमत्ता, लग्नातली भेटसुद्धा, पूर्णपणे तिच्या मालकीची. (अनुसूचित जमातींना हा वारसा कायदा थेट लागू नाही.) १ जुलै १९६१ पासून हुंडाबंदी कायदा लागू झाला. तो सगळ्या धर्मांच्या, सगळ्या जातीजमातींच्या लोकांना आहे. हुंडा घेणं, देणं आणि नुसता मागणं, तिन्ही गुन्हा. न मागता, रीतीप्रमाणे आणि ऐपतीप्रमाणे दिलेल्या भेटीला मात्र सूट आहे. पण त्या भेटीची यादी केलेली हवी.

ती यादी कशी करायची, याचे नियम २ ऑक्टोबर १९८५ पासून लागू झाले. नवरीला मिळालेल्या वस्तूंची यादी नवरीने ठेवायची, नवऱ्याची नवऱ्याने. लग्नाच्या वेळी किंवा नंतर होईल तितक्या लवकर ती लिहायची. प्रत्येक वस्तूपुढे चार गोष्टी हव्यात : वस्तूचं थोडक्यात वर्णन, अंदाजे किंमत, देणाऱ्याचं नाव, आणि तो नात्यातला असेल तर नातं. खाली नवरा-नवरी दोघांच्या सह्या. सही येत नसेल तर अंगठा चालतो, पण आधी यादी वाचून दाखवायची आणि वाचणाऱ्याने सही करायची. भांड्यावर कोरलेलं नाव आता कागदावर आलं, ते असं.

हा कागद का हवा? १९८५ सालीच सर्वोच्च न्यायालयाने प्रतिभा राणी यांच्या खटल्यात सांगितलं की स्त्रीधन सासरी ठेवलं म्हणून ते सासरचं होत नाही. ज्यांच्याकडे ठेवलं ते फक्त राखणदार. परत दिलं नाही तर विश्वासघाताचा गुन्हा होऊ शकतो. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली न्यायदंडाधिकारी स्त्रीधन परत देण्याचा हुकूम करू शकतात. एप्रिल २०२४ मध्ये केरळमधल्या एका बाईच्या सोन्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तिला २५ लाख रुपये देण्याचा आदेश दिला. अडचणीत नवऱ्याने ते सोनं वापरलं तरी परत करणं त्याचं कर्तव्य आहे, असंही सांगितलं. हक्क आहेत. पण नवरा वारला, किंवा बाईला घराबाहेर काढलं, की पहिला प्रश्न येतो : तुझं काय होतं, सांग. तेव्हा कागद नसलेली बाई आठवणीवर भांडते. मुस्लिम बहिणींच्या निकाहनाम्यात मेहरची रक्कम लिहिलेली असते. लिहिलेल्या गोष्टीला वजन असतं, ते असं.

आता यादीत काय यावं? बैठकीत आईने आणि मुलीने आधी हा प्रश्न विचारावा : ही वस्तू दहा वर्षांनी मुलीच्या उपयोगी पडेल का? सोफा झिजतो. शिलाई मशीन कमावते. शेळी वाढते. मुलीच्या एकटीच्या नावाचं बँक खातं सोबत जातं. दागिना असेल तर पावती तिच्या नावाची घ्यावी. कौटिल्याची ती ‘वृत्ती’ इथे आठवावी.

आणि एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. “तुला आंदण दिलं, आता हिस्सा कशाला?” असं अनेक घरांत म्हणतात. आंदण आणि हिस्सा या वेगळ्या गोष्टी आहेत. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलासारखा हक्क महाराष्ट्राने १९९४ साली दिला, आणि २००५ साली देशभर तो आणखी पक्का झाला. आंदणाच्या यादीवर सही केली म्हणून तो हक्क जात नाही. हक्कसोडपत्रावर सही केली तर जातो. म्हणून कुठलाही कागद आधी वाचून घ्या.

बचत गटात आपण वीस रुपयांची बचतही वहीत लिहितो, वाचून दाखवतो, सही घेतो. हीच शिस्त लग्नघरात न्यायची आहे. गटातल्या कुणाच्या घरी लग्न निघालं की दोन बायांनी जावं, कोरा कागद घेऊन बसावं आणि तिसरी यादी लिहून द्यावी. दोन प्रती करा. एक मुलीकडे, एक माहेरी. फोनमध्ये फोटो काढून ठेवा.

येत्या मासिक बैठकीत हा विषय घ्या, आणि आपापल्या पेट्यांमधली जुनी भांडी काढून त्यावरची नावं एकमेकींना वाचून दाखवा.